वरच्या कोर्टात तोंड जात न्हाई

लातूरच्या कोर्टात साक्षीला निघालो, तेव्हा साक्ष पाढ्यासारखी घोकत होतो. मेहुण्यावर एकाचं डोकं फोडल्याचा खटला होता. मारामारीच्या वेळी तो माझ्यासमोर हॉटेलात चहा पीत होता, हे सांगणारा मी एकटाच. माझी साक्ष फसली की तो आत.

रेणापूरला एसटीत शेजारी एक वकीलसाहेब बसले. काळा कोट त्यांनी तान्ह्या लेकरासारखा मांडीवर निजवला. आधी जिल्हा कोर्टात उलटतपास घेण्यात केस पिकले, आता हायकोर्टात नुसती अपिलं चालवतो, म्हणाले.

मी लगेच साक्षीची तालीम ऐकवली. "साहेब, मेहुणा त्या दिशी तापानं असा फणफणला होता, की कपातला चहा पुन्हा उकळला!"

त्यांनी अंगठा ओठावर ठेवला. "ताप खरा होता?"

"न्हाई. जरा रंगत येते."

कोट थोपटणारा त्यांचा हात थांबला. "दादा, वरच्या कोर्टात तुमचं तोंड जात न्हाई, नुसता तुमच्या साक्षीचा कागद जातो. असल्याच एका तापापायी साक्षीदार खोटा ठरला. माझा निर्दोष अशील अजून आत हाय."

कोर्टात पिंजऱ्यात चहापुरतं बोललो. विरुद्ध बाजूच्या वकिलानं विचारलं, "आणखी काही?"

ताप जिभेच्या टोकावर आला होता. "न्हाई," म्हणालो.

निकाल अजून लागायचाय. मेहुणा रोज विचारतो, "दाजी, जन्मात एवढं कमी बोलला न्हाईत. मला बुडवलं तर न्हाई ना?"

माझा अंगठा ओठावरून हलत नाही.