तिसरी कॉफी

सेनियाचं खरं शिक्षण झालं ते बापाच्या न्हाव्याच्या दुकानात. बोस्नियातल्या तेशान गावच्या बाजारात मुहारेमचं ते एका खुर्चीचं दुकान. शाळा सुटली की सेनिया कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय हलवत बसायची. समोरच्या आरशात तिला सगळे दिसायचे. तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसायचं.

गिऱ्हाईक गेलं की मुहारेम कपडा झटकत विचारायचा, "काय गं, हे कशाला आले होते?"

"केस कापायला."

"डोंबल! केस त्यांनी परवाच कापले. बोलता बोलता सारखं 'घरी पाहुणे आलेत, घरी पाहुणे आलेत' चाललं होतं. मुलीचं लग्न जमलंय, ते मी विचारावं म्हणून आले होते."

"मग तुम्ही विचारलं का नाही, बाबा?"

"विचारलं असतं तर दाढी केली असती का त्यांनी? दाढीचे पैसे सोडू?"

अशा बापाची ही लेक पुढे त्याच गावातल्या धंदेशिक्षणाच्या शाळेत भाषा आणि साहित्य शिकवायला लागली. मोटार दुरुस्तीच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग तिच्या वाट्याला आला. मुलांच्या हातांना ग्रीसचा वास, आणि पुस्तक असं धरायचे की जणू ते गळतंय. साहित्याच्या तासाला काय करायचं ते मुलांना पाठ होतं: बाई विचारणार 'लेखकाला काय सांगायचं आहे', आणि आपण मार्गदर्शक पुस्तकातलं तयार उत्तर उतरवून काढायचं. गोष्ट वाचायची गरजच नव्हती.

एका उन्हाळ्यात ती सारायेव्होला शिक्षकांच्या वर्गाला गेली. तिथे 'संवाद-विश्लेषण' नावाचं काहीतरी भारदस्त शिकवत होते. कोण आधी बोलतं, कोण विषय बदलतं, कुठल्या प्रश्नाला उत्तर मिळतच नाही, बोलण्यातून माणूस नेमकं काय साधतो. हे सगळं बघत गोष्ट वाचायची. बाकीचे शिक्षक खाली माना घालून लिहीत होते. सेनिया मात्र तोंडावर हात धरून हसत होती. हे तर बाबांचं दुकान!

परतल्यावर तिनं वर्गात मार्गदर्शक बंद करायला लावलं. मुलं गोष्टीतली माणसं वाटून घ्यायला लागली, त्यांचं बोलणं म्हणून दाखवायला लागली, एकमेकांना अडवायला लागली. "अरे थांब, तिनं उत्तर कुठे दिलं? तिनं उलटा प्रश्न विचारला!" वर्गातून हसण्याचे आवाज यायला लागले, आणि हेडमास्तर रेफिक यांची खोली नेमकी खालीच होती.

"बाई, साहित्याचा तास आहे की गावची चावडी?" त्यांनी तिला बोलावून विचारलं. "आणि गोष्टीचा बोध? बोध फळ्यावर का नसतो?"

"साहेब, मुलं वाचतायत."

"मुलं हसतायत." रेफिक साहेबांनी टेबलावरचा पेनस्टँड इंचभर सरकवला. "गुरुवारी जिल्ह्याहून वाहिदाबाई येतायत, तुमचा तास बघायला. तुमचा करार वर्षाचा. त्यांना पटलं, तर पुढचं वर्ष तुमचं."

"आणि नाही पटलं तर?"

"यंदा समुद्रावर जाऊन या. हवा छान असेल म्हणतात."

मुहारेमच्या लेकीला याचा अर्थ समजवावा लागला नाही.

गुरुवारी मुलं धुतलेले शर्ट घालून आली. वर्गात सगळ्यात तोंडाळ इस्मर. त्यानं केस पाणी लावून चापून बसवले होते. मागच्या बाकावर वाहिदाबाई बसल्या, राखाडी कोट, मांडीवर पर्स. शेजारी रेफिक साहेब.

गोष्ट होती जुन्या काळातली. श्रीमंत शेजारी अव्दागा विधवा हाटाच्या घरी येतो. नदीकाठची तिची आलुबुखाराची बाग त्याला विकत हवी आहे. हाटा त्याला बसवते, कॉफी देते, इकडचं तिकडचं बोलते, परत कॉफी देते. गोष्टीचा शेवट असा: 'हाटाने पुन्हा एकदा कॉफी आणली. अव्दागाने ती उभ्याउभ्याच संपवली आणि बूट चढवले.'

"सांगा," सेनिया म्हणाली. "काय झालं या घरात?"

वर्ग गारठला. पाहुण्यांसमोर मुलं भलतीच शहाणी झाली होती.

"बोस्नियन माणसाचं आतिथ्य अमर्याद असतं," पहिल्या बाकावरून आवाज आला. मार्गदर्शकातलं वाक्य, शब्दाला शब्द.

"अमर्याद आतिथ्य," दुसरा म्हणाला.

"इस्मर, तू?"

इस्मरनं मागे एक नजर टाकली आणि मान खाली घातली. "अमर्याद, बाई."

रेफिक साहेब समाधानानं मागे रेलले. याच मुलांनी परवा गोष्टीतल्या एका भांडणाची चिरफाड केली होती, आणि आज पोपट झाले होते! स्वतःच्या घरी जे डोळे मिटून ओळखतील, तेच वर्गात उलटं लिहितात. घरची अक्कल दप्तरात घालून आणायची असते, हे यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात खिडकीपाशी हात वर झाला. दानिन. लिन्झमध्ये वाढलेला, आई-बापाबरोबर यंदाच गावी परतलेला.

"बाई, मला एक कळलं नाही. कॉफी तर आत्ताच आली. मग तो उठला कशाला?"

मग इस्मरचं पाणी लावलेलं डोकं गर्रकन वळलं.

"ए जर्मन!"

"मी ऑस्ट्रियाचा आहे."

"तेच ते! पहिली कॉफी 'या बसा', दुसरी कॉफी 'बोला', आणि तिसरी आली की उठायचं. तिसरी म्हणजे 'निघा आता'!"

"असं कुणी सांगतं?"

"सांगायचं नसतंच, म्हणून तर कॉफी!" इस्मरला एकदम काहीतरी आठवलं. "अरे देवा, तू आमच्या घरी आला होतास... आईनं तिसरी आणली, तू 'थँक्यू काकू' म्हणून प्यायलास. मग चौथी! आमची कॉफीच संपली, लेका! आई अजून सांगत फिरते."

वर्गात हशा पिकला. दानिन कानापर्यंत लाल झाला. "मला वाटलं, काकूंना मी फार आवडलो."

वाहिदाबाईंच्या खांद्यांची हालचाल झाली; हसू होतं की खोकला, ते पर्समागे कळलं नाही.

सेनियानं संधी सोडली नाही. "इस्मर, तू अव्दागा. दानिन, तू हाटा. या पुढे."

दोन खुर्च्या, खडूच्या डब्याची कॉफी. इस्मर पाय पसरून बसला. "हाटावहिनी, त्या बागेचं म्हणत होतो मी."

"आईंचे पाय कसे आहेत, अव्दागा?" दानिननं पुस्तकातून वाचलं.

"थांबा!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्यानं बाग म्हटलं, तिनं पायांचं काढलं!"

"पुढे बघा, तो परत बाग म्हणतो. ती म्हणते गारा पडल्या."

"बाग हा शब्द ती एकदाही तोंडात घेत नाही," दानिन पान उलटत हळूच म्हणाला. "सगळ्या बागा अव्दागाच्याच वाक्यात आहेत." तो थांबला. "म्हणजे तिनं पहिल्यापासूनच नाही म्हटलंय. त्याला कळायला मात्र तीन कॉफ्या लागल्या."

"तुला चार लागल्या!" इस्मर म्हणाला.

"पण मुलांनो," वाहिदाबाई पहिल्यांदाच बोलल्या, "तिनं सरळ 'देत नाही' का नाही म्हटलं? भित्री आहे का?"

इस्मर खुर्चीतून उठला, अव्दागासारखे बूट चढवल्यासारखं केलं, आणि तसाच वाकलेला राहिला.

"भित्री नाही, बाई. उद्या हे दोघं परत शेजारीच आहेत ना. नाही म्हटलं असतं, तर भांडण झालं असतं. अशानं तो कॉफी पिऊन गेला. मान त्याचाही राहिला, बाग तिची राहिली."

घंटा झाली. कुणी उठलं नाही.

त्यानंतर रेफिक साहेबांच्या खोलीत तिघं बसले. साहेबांनी स्वतः हॉटप्लेटवर तांब्याच्या भांड्यात कॉफी केली. पहिल्या कपाला जिल्ह्यातले रस्ते झाले. दुसऱ्याला साहेब म्हणाले, "मुलं तयार आहेत, नाही म्हणत नाही. पण बोध काही फळ्यावर आला नाही." वाहिदाबाई कपात बघत होत्या. साहेब उठले आणि भांडं परत हॉटप्लेटवर ठेवलं.

सेनियाचा हात आपसूक पिशवीकडे गेला. संपलं. बाबांना काय सांगायचं?

"रेफिक साहेब, मला नको," वाहिदाबाईंनी कपावर तळहात ठेवला. "आमचं बोलणं व्हायचंय अजून. सेनियाबाई, ऑक्टोबरात या मुलांना काय वाचायला देणार आहात?"

ऑक्टोबरात. शाळेचं नवं वर्ष सुरू झाल्यावर. सेनियानं पिशवी सोडली आणि बोलायला लागली. एक गोष्ट, मग दुसरी, मग एक नाटुकलं. साहेब कढत भांडं हातात घेऊन उभे राहिले, मग त्यांनी ते खिडकीत ठेवून दिलं.

"ऑक्टोबरात तुम्हाला दुसरी खोली देतो," ते कुरकुरले. "माझ्या डोक्यावर हे हसणं नको."

दाराच्या काचेला दोन नाकं चिकटली होती. सेनिया बाहेर आली तशी इस्मरनं कुजबुजत विचारलं, "बाई, किती?"

तिनं दोन बोटं दाखवली. इस्मरनं हवेत उडी मारली.

"दोनच?" दानिनचा चेहरा पडला. "म्हणजे त्यांना आवडलं नाही?"

"चल," इस्मरनं त्याच्या गळ्यात हात टाकला. "आईकडे चल. आज तुला वेळेवर उठायला शिकवतो."