फोन न उचलणारा नंबर

बायको म्हणते मी तापट आहे. माझ्या मते मी फक्त लवकर भडकतो. गेल्या हिवाळ्यात खामगावच्या घरी बँकेचं स्टेटमेंट उघडून बसलो आणि लवकर भडकलो. राशिभविष्याच्या मेसेजचे रोज तीन रुपये कापले जात होते, आणि मेसेज काय, तर आज धनलाभ. बायकोने हौसेने घेतलेलं योगासनांचं ॲप तिने एकदाच उघडलं होतं, तेही सोफ्यावर आडवं पडून. टीव्हीच्या पॅकमध्ये समुद्रातल्या मासेमारीचा अख्खा चॅनल होता. खामगावात! मी एकेक बंद करत सुटलो.

"घरातले लाइट तेवढे चालू ठेवा," बायको म्हणाली.

शेवटी एक नंबर उरला. दर महिन्याला माझ्या खात्यातून आपोआप त्याचा रिचार्ज होत होता आणि तो कुणाचा हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं.

"माह्याकडं काऊन पाहता? पैसे तुमच्या खात्यातून चालले. कोण आहे थे, इचारा न तिले!"

"तिले" हा शब्द तिने असा काही उच्चारला की पन्नाशीत माझ्यावर बालंट आलं. निर्दोष सुटावं म्हणून तिच्यासमोरच स्पीकर लावून फोन केला. दोन रिंगा झाल्या आणि फोन कट. पुन्हा लावला. पुन्हा दोन रिंगा, पुन्हा कट. बायको उठून भाजी निवडायला गेली, हे जास्त वाईट होतं.

पुढचे तीन दिवस मी इरेला पेटलो. ऑफिसात डबा खाता खाता फोन लावायचो. "कोण आहे बे? माह्या पैशानं रिचार्ज मारतं अन् माहाच फोन कापतं?" असं ओरडेपर्यंत तो कट झालेला असायचा. चौथ्या दिवशी मी ऑटोपे बंद करून टाकला. बस म्हटलं आता उपाशी. पंधरा-वीस दिवसांत त्या नंबरवर रिंगही जाईना. मला फार समाधान वाटलं, बायकोलाही.

त्यानंतरच्या रविवारी ही बहादुरी सांगायला उंद्रीला बाबांकडे गेलो. बाबा तिथे एकटे राहतात, वावर स्वतः पाहतात. गुडघे गेलेत, म्हणून मी दर दिवाळीला त्यांना खामगावला चला म्हणतो आणि ते दर दिवाळीला विषय बदलतात. त्या दिवशी घराला कुलूप होतं. बाबा विहिरीपाशी सापडले, काठी बाजूला टाकून गव्हाच्या कडेच्या धुऱ्यावर बसलेले, गुडघे चोळत. गहू ओंबीवर आला होता.

"पायी आले बाबा इतक्या दूर?"

"आठ दिवस झाले, रोजच येतो. मोटार कोण चालू करन? फोन नाही लागून राह्यला तिले."

आता माझ्या लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी मीच विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला मोबाईलचा खोका बसवून घेतला होता. त्यात सिम असतं, आणि त्याचा रिचार्ज मीच माझ्या खात्याला जोडला होता. बाबांनी घरून बाजेवर बसून मिस कॉल दिला की मोटार चालू, दुसरा दिला की बंद. माझा नंबरही त्यात मीच टाकला होता. नंतर फोन बदलला, नाव पुसलं गेलं, आणि मी साफ विसरलो.

"आन् त्याच्या आधी त मोटारीले भूत लागलं होतं," बाबा सांगत होते. "दुपारी जेवाच्या टायमाले आपल्या मनानं चालू, आपल्या मनानं बंद. शेजाऱ्यानं ढोरायसाठी ठेवलेलं कुटार भिजलं. भांडण झालं आमचं, अजून बोलत नाही तो."

मी सगळं कबूल केलं. योगासनांपासून मासेमारीपर्यंत. मला वाटलं चिडतील. त्यांनी उलट एवढंच विचारलं.

"म्हणजे तू इसरला होता?"

"हो."

"मले वाटलं मुद्दाम केलं तू. मोटार बंद पडली की बुढा थकन, अन् येईन मुकाट्यानं खामगावले."

"असं कसं करीन मी बाबा?"

"मुद्दाम केलं वाटलं म्हणूनच त फोन नाही केला तुले."

मला तिथेच रडू आलं. बचतीचा सगळा तोरा उतरला. धुऱ्यावर उभं राहूनच मी रिचार्ज मारला, बाबांनी मिस कॉल दिला, मोटार घरघरली आणि पाइपातून पाणी उसळलं. बाबा लहान पोरासारखे हसले. शेजाऱ्याची माफी मागायला मला एकट्यालाच पाठवलं, आणि त्याने मला अर्धा तास सोडलं नाही.

निघताना मी म्हटलं, "पुन्हा ऑटोपे लावून देतो. दर महिन्याले आपोआप होईन."

"आपोआप नको. आपोआप होते म्हणून त इसरला. इथं येऊन मारत जाय."

"मोबाईलवरून कुठूनही होते बाबा, इथं यायची गरज नसते."

"मोबाईलले नसन," बाबा म्हणाले आणि काठी उचलून घराकडे चालू लागले.

आता दर महिन्याला उंद्रीला जाऊन, बाजेवर बसून मी तो रिचार्ज मारतो. जाण्यायेण्याचं पेट्रोल रिचार्जपेक्षा महाग पडतं. हा खर्च बंद करा, असं बायको अजून एकदाही म्हणालेली नाही.