रिकामी परत केलेली भांडी

कोलशेतच्या बंदरावरून आमची होडी भरतीच्या पाण्यावर सुटली, तेव्हा माझी आई घोटाभर चिखलात उभी होती. ह्यांना रेल्वेत फिटरची नोकरी लागलेली आणि डोंबिवलीच्या चाळीत एक खोली मिळालेली. होडीत माणसं दोन आणि सामान दहा जणांचं: मिठाची गोण, सुकटीचं गाठोडं, तांदूळ, पाटा-वरवंटा. आई रडली नाही. ओरडून एवढंच म्हणाली, "रिकामा भांडा कोनाला परत देऊ नको गो! घराला उना येतं." होडी वळली तरी तिचं तेच चाललेलं.

कोलशेतला राहिलेल्या माझ्या बहिणींनो, आणि माझ्यासारखाच संसार उचलून इकडे आलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. निघताना तुम्हालाही कोणीतरी असंच काहीतरी बजावलं असणार.

आपल्याकडे ते सोपं होतं. शेजारून वाटीभर कालवण आलं की वाटी परत जाताना तिच्यात मूठभर तांदूळ जायचे, नाहीतर चार सुके बोंबील. अगदीच काही नसलं तर मीठ. मिठागर आपलंच, मिठाला काय तोटा! कोणाचं भांडं आपल्याकडे दोन दिवसांवर राहिलेलं मला आठवत नाही.

डोंबिवलीत पहिल्याच आठवड्यात शेजारच्या लेलेकाकूंनी गुळाचा सांजा पाठवला. काकू मूळच्या पुण्याच्या, तोंडाने फटकळ, पण मनाने चांगल्या. मी वाटी घासूनपुसून लख्ख केली आणि आपलं पांढरंशुभ्र मीठ शीग लावून भरलं. मोठ्या मानाने घेऊन गेले. काकूंनी वाटी हातातच घेतली नाही. "अगं, मीठ कसलं आणतेस? मिठाने भांडण होतं म्हणतात. खाली ठेव आधी."

मी खाली ठेवली. माझ्या बापाने उन्हात होरपळून पिकवलेलं मीठ, आणि म्हणे खाली ठेव! कानशिलं तापली माझी. पण नवी होते, तशीच परत आले.

खरी पंचाईत पुढे सुरू झाली. चाळीत सणवार, बारसं, हळदीकुंकू, काही ना काही रोजचंच. कोणाकडून पुरणपोळी येई, कोणाकडून अळूची भाजी. परत जाताना भांड्यात घालू काय? मीठ चालत नाही. सुकटीचा वास आला तरी खिडक्या लागतात. साखर रेशनवर, ती आमच्याच चहाला पुरत नव्हती. माझ्या हातचं शिजवलेलं त्यातल्या निम्म्या घरांत खाल्लं गेलं नसतं, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. मग मी म्हणायची, काहीतरी चांगलं घडलं की पाठवू. आणि भांडं मोरीशेजारच्या फळीवर ठेवायची.

फळी भरली. मग खाटेखालची जागा भरली. पितळेच्या वाट्या, कडीचे डबे, बरण्या, एक भलीमोठी परात, आणि प्रत्येकावर मालकिणीचं नाव कोरलेलं. माझा संसार एका खोलीचा आणि त्यात निम्म्या चाळीची नावं मांडून ठेवलेली! पाय पसरायला जागा नाही. हे म्हणायचे, "देऊन टाक ना एकदाची." मी विचारायची, "रिकामी?" की हेही हात झटकून उठायचे. त्यांच्या आईनेही त्यांना तेच शिकवलेलं.

आपलं भांडं परत मागणं म्हणजे हलकेपणा, म्हणून बाया मागत नसत. नळावर भेटल्या की म्हणत, "असू दे गं, घाई नाही." ते 'घाई नाही' मला सुईसारखं टोचायचं. हळूहळू मी दार लोटून घ्यायला लागले. कोणी आत आलं तर आपलं भांडं दिसेल ना! दुपारी सगळ्या गॅलरीत बसून तांदूळ निवडायच्या, हसण्याचा आवाज यायचा, आणि मी आत बसलेली. अशी तीन-चार वर्षं काढली मी. वाट्यांपायी!

मग मालकाने चाळीच्या भिंतींना चुना मारायचं काढलं. सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करून सामान बाहेर काढायचं. म्हणजे माझी फळी चारचौघांत उघडी पडणार! एकदा वाटलं, सगळं पोत्यात भरावं आणि होडीने कोलशेतला धाडून द्यावं. पोतं उघडून बसलेसुद्धा. पहिली वाटी आत टाकली आणि असा संताप आला म्हणून सांगू! मी काय चोरी केली होती? आईचं सांगणं खरं असेल, पण आईला कधी रेशनच्या रांगेत उभं राहावं लागलं नव्हतं. जिचं कोठार भरलेलं, तिने भांडी भरून द्यावीत. माझं कोठार म्हणजे एक पत्र्याचा डबा.

मी चिंच आणि राख घेतली आणि एकूण एक भांडं घासलं. गॅलरीत ओळीने मांडलं आणि मोठ्याने सांगितलं, "ज्याची त्याने ओळखून न्या. रिकामी आहेत."

लेलेकाकू पुढे आल्या, वाटी उलटी करून नाव पाहिलं. "रिकामीच?"

"हो काकू. मीठ तुम्हाला चालत नाही, मासळी चालत नाही आणि साखर मला मिळत नाही. चौथं काही माझ्या घरात नाही."

काकूंनी वाटी काखेत धरली. "आणि म्हणून दार लावून बसलीस? आम्हाला वाटलं, त्या मिठावरून तू राग धरलायस. म्हटलं नव्हतं मी, मिठाने भांडण होतं?"

"मिठाने नाही हो काकू, तुमच्या वाटीने झालं."

आधी त्याच हसल्या. मग एकेक जण येऊन आपापलं घेऊन गेली. एकीने मात्र रिकामा डबा न्यायला साफ नकार दिला, अपशकुन म्हणाली. डबा मी तिच्या उंबऱ्यावर ठेवून आले. ती अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

पुढच्या खेपेला आई आली, सुकटीचा डबा घेऊन. तिला सगळं सांगितलं. तिने तोंडाला पदर लावला. "आगो, रिकामी दिलीस? लोकांनी काय म्हटला असंल?" मी म्हटलं, "म्हणू देत. तुझं सांगणं पाळता पाळता मी माणसांना मुकले होते." मी माफी मागितली नाही. निघताना तिचा डबा धुऊन तिच्या हातात दिला, तोही रिकामा. तिने झाकण काढून आत पाहिलं, परत लावलं, डबा हातात तोलला.

"हलका हाय," म्हणाली. "न्यावाला बरा."

कोलशेतला आले की तुम्ही विचारता, "घरी आलीस का गो?" मी माहेरी येते, बायांनो. घर माझं डोंबिवलीत आहे. मीही दुपारी गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली असते, आणि पाठीमागे दार सताड उघडं असतं. या एकदा. आणि येताना हातात काही आणू नका.