आमची शाळा इंडिपेन्डंट झाली तेव्हा

सिंगापूरमध्ये मला पहिली नोकरी लागली ती एका सरकारी शाळेत, गणिताची शिक्षिका म्हणून. तिथे माझ्या आधी रुजू झालेली नागपूरची एकजण होती, तीही गणिताचीच. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. दिवसभरात कुणाशी तरी मराठीत बोलता येतंय, एवढ्यावर मैत्री सुरू झाली आणि पुढे ती खरोखरीची झाली. डबे एकत्र, पेपर तपासणं एकत्र, शनिवारचा बाजारही एकत्र.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं अशी गेली. मग एका दुपारी प्रिन्सिपलनी सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं की शाळा इंडिपेन्डंट होणार. इमारत तीच, गणवेश तोच, पण कारभार मंत्रालयाकडून शाळेच्या स्वतःच्या मंडळाकडे जाणार. फी शाळा ठरवणार, मुलंही शाळाच निवडणार, शिक्षकही. मुलांना मधली, आपल्या दहावीसारखी ओ लेव्हलची परीक्षा न देता सरळ पुढे जाता येणार होतं, त्यामुळे वर्गात काय शिकवायचं हे बरंचसं शिक्षकाच्या हातात. ज्यांना थांबायचं असेल त्यांनी मुलाखत द्यायची, बाकीच्यांची दुसऱ्या सरकारी शाळेत बदली.

मुलाखतीची तयारी आम्ही दोघींनी माझ्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये केली. मी तिला प्रश्न विचारायचे, ती मला. तिची उत्तरं कुठल्या कुठे भरकटायची. "अगं, मुद्द्यावर ये," मी म्हणायचे. माझं नक्की होणार याची मला खात्री होती. तिचं झालं नाही तर तिची समजूत कशी काढायची, याचाही विचार मी करून ठेवला होता.

तिचं झालं. माझं नाही. प्रिन्सिपल मला म्हणाले, "तुम्ही फार नीट शिकवता. पण मंडळाला जरा वेगळा विचार करणारी माणसं हवी आहेत." नीट हा शब्द मला त्याआधी कधी इतका लागला नव्हता.

ती टेबलाशी आली. "तुझं काय झालं?"

"हौगांगची शाळा मिळतेय. घराजवळ आहे, बरंच झालं."

रात्री जेवताना नवराही हेच म्हणाला, घराजवळ आहे, बरंच झालं. तो तांजोंग पगारला बँकेत, रोज एमआरटी मेट्रोने लांब जाणारा, त्याला ते मनापासून वाटत होतं. मी ताटावरून उठले.

नंतरच्या वर्षात ती अधूनमधून फोन करायची. तिच्या वर्गात मुलं निम्मी झाली होती. तिने मुलांना घेऊन जपानचा दौरा केला. सगळं मी ऐकून घेतलं. पण एकदा ती म्हणाली, "इतकी मोकळीक आहे ना, की कधी कधी सुचतच नाही काय करावं." त्या दिवशी मी गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. इथल्या मराठी लोकांच्या दिवाळी संमेलनात मुलांच्या आया तिच्याभोवती जमायच्या. माझ्याकडे वळून कुणी विचारायचं, "आणि तुम्ही?" हौगांगला असते म्हटलं की "अच्छा" म्हणून पुन्हा तिच्याकडे.

अशाच एका आईने मला मैत्रिणीच्या शाळेच्या ओपन हाउसला सोबत नेलं. मैत्रिणीने पालकांसमोर मैदानात वर्ग घेतला. काठीची सावली मोजायची, पर्जन्यवृक्षाची सावली मोजायची, त्यावरून झाडाची उंची काढायची. तो माझा तास होता. जुन्या शाळेत परीक्षा संपल्या की मी तो घ्यायचे. माझे कान तापले. आता हिला पकडते, असं मनात येईपर्यंत ती सगळ्यांना म्हणाली, "ही कल्पना माझी नाही. माझी मैत्रीण मागे उभी आहे ना, तिची."

सगळे वळले, टाळ्या वाजल्या. तिने माझा तास चोरला असता तर मला किती सोपं गेलं असतं.

सोबतच्या बाई हळूच म्हणाल्या, "मग तुम्हाला का नाही हो घेतलं यांनी?"

"मुलाखतीत जमलं नाही," मी म्हटलं.

कॅन्टीनमध्ये मैत्रिणीने विषय काढला. "पुढच्या वर्षी एक जागा निघतेय. बोलू का तुझ्यासाठी?"

"नको."

"का गं?"

"तुझ्या शब्दावर घेतलं असं नको व्हायला."

"मग तू स्वतःच अर्ज कर."

मी बघू म्हटलं आणि केला नाही. दुसरं कुणीतरी लागलं.

माझ्या शाळेत मी त्याच तासासाठी शनिवारी सकाळचं मैदान मागितलं. आमचे प्रिन्सिपल म्हणाले, सिलॅबस मागे पडणार नसेल तर घ्या. थोडी मुलं आली. आमच्याकडे पर्जन्यवृक्ष नव्हता, एक तिरका नारळ होता. एका मुलीने काठी खाली टाकली. "चेर, धिस ट्री क्रूकेड लाह. सावली कुठून मोजायची?" चेर म्हणजे टीचर, इथली मुलं तसंच म्हणतात.

मला उत्तर आलं नाही, आणि त्याचा मला विलक्षण आनंद झाला. तिकडच्या सरळ झाडाखाली हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. संध्याकाळी मी मुद्दाम मैत्रिणीला फोन करून तो प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "फारच छान. सोमवारी माझ्या मुलांना विचारते." फोन ठेवल्यावर मी स्वतःवर चरफडले. हेही दिलं तिला.

पुढच्या आठवड्यात तिने त्यांचं उत्तर सांगितलं. दोन बाजूंनी ओळंबा धरून शेंड्याच्या बरोबर खालची जागा शोधायची आणि सावली बुंध्यापासून न मोजता तिथून मोजायची. सुंदर होतं. शनिवारी आम्ही तसंच केलं. कुणी शोधलं तेही मी मुलांना सांगितलं, जीभ जड झाली तरी.

ती मुलगी म्हणाली, "पण चेर, क्वेश्चन आमचा ना? तुम्ही त्यांना फुकट दिला?"

"हो," मी म्हटलं. "पुढचा नाही देणार."

पण पुढचाही दिला. दर वेळी थोडं पोटात दुखायचं, आणि दर वेळी तिचा फोन यायची मी वाट बघायचे.