दारासमोरची खाट

पनवेलच्या सोसायट्या लग्न न झालेल्यांना दारात उभं करत नाहीत. घर काय लग्नाचं बक्षीस आहे? जवळच्याच विचुंबे गावातल्या या मालकिणीने मात्र आम्हा तिघींना तळमजल्यावरची खोली दिली. ती बोलते कमी. ओट्यावर कोलंबी सोलत सगळं ऐकत असते.

एकदा शेजारचे चौघे आले. “मावशी, या पोरी कधीही येतात-जातात. खोली खाली करून घ्या.”

“कामाला जातान त्या. खोली नाय खाली व्हायची,” ती मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची खाट आमच्या दारासमोर आणून टाकली. मी भडकले. “मावशी, आमच्यावर पाळत कशाला?”

“तुमच्यावर नाय गो,” उशी झटकत ती म्हणाली. “ज्याला तुमच्या दारात बगायचाय, त्यानं आदी मला बगावा.”