निळ्या रुपयाचं उष्टावण

जुन्या चांदीच्या नाण्याला फडकं लावणाऱ्या माणसाला मी घरात घेत नाही. लातूरला पतसंस्थेत कॅशियरची नोकरी करता करता मी बरीच वर्षं नाणी जमवतेय आणि लोकांनी काय काय करून ठेवलंय ते डोळ्यांनी पाहिलंय. कुणी टूथपेस्ट लावतं, कुणी रांगोळीनं घासतं, कुणी रात्रभर चिंचेत बुडवतं आणि सकाळी कौतुकानं आणून दाखवतं, मॅडम, बघा कसं लखलखीत केलंय. लखलखीत कसलं, कपाळ माझं! चांदीवर वर्षानुवर्षं जो रंग चढत जातो तो म्हणजे त्या नाण्याची कातडी. ती सोलली की खालून पांढरंफटक, मेलेलं काहीतरी निघतं. दिव्याखाली तिरकं धरलं की घासल्याच्या रेघा दिसतात. मग दर्जा ठरवणारे लोक ‘साफ केलेलं’ एवढा शेरा मारून, नंबर न देता नाणं परत पाठवतात. तो शेरा एकदा बसला की बसला, आणि गेलेला रंग काही केल्या परत येत नाही.

तर अशी मी. आणि माझ्या सगळ्या नाण्यांत लाडका होता अण्णांचा रुपया. अण्णा म्हणजे आमचे वडील. मुरुडला त्यांचं किराणा दुकान होतं. गल्ल्याच्या मागच्या कप्प्यात निजामाच्या काळातला एक चारमिनारचा रुपया खाकी कागदाच्या पुडीत पडून असायचा. बाजारात कधी न फिरलेला, कोरा. कागदामुळं म्हणा, शेजारी ठेवलेल्या काड्यापेट्यांच्या गंधकामुळं म्हणा, त्याच्यावर असा रंग चढला होता की बघत राहावं. काठाला जांभळा, मग मोरपंखी निळा आणि मधोमध चारमिनारवर जुन्या तुपाचा पिवळा. अण्णा गेल्यावर दुकान आवरताना तो माझ्या हाती लागला. धाकट्या बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, तुझ्याकडंच राहू दे अक्का, मला त्यातलं काय कळतंय. तेव्हापासून मी त्याला फक्त कडेनं धरत आले. चारमिनारवर कधी बोट टेकवलं नाही.

मागं एकदा मी तो दर्जा ठरवायला मुंबईला पाठवला. प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत बसून परत आला, सत्तरपैकी बासष्ट नंबर घेऊन. माझा पारा असा चढला म्हणून सांगू! चौसष्टच्या खाली यायचं कारणच नव्हतं. नांदेडला माझा नाण्यांतला एक दोस्त आहे, त्याचं औषधाचं दुकान आहे. त्याला डबी दाखवली. त्यानं भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, रंगाच्या खाली बारीक रेघा आहेत, कुणीतरी कधीतरी पुसलंय. मी त्याला झाप झाप झापलं. आमच्या घरात असलं येड्यासारखं कोण करेल?

मग त्यानं भलताच सल्ला दिला. डबी फोडायची, नाणं नाणेवाल्यांच्या औषधात क्षणभर बुडवून पांढरं करायचं आणि पुन्हा पाठवायचं. म्हटलं, अरे शहाण्या, रंगानं त्या रेघा झाकून ठेवल्यात, रंग उतरवलास तर उघड्या पडतील. शिवाय त्या औषधानं वरची चमक खाल्ली की नाणं शिळ्या भाकरीसारखं दिसायला लागतं. बासष्टचा सुद्धा नंबर हातून जाईल. त्याला ते पटलं. मग ठरलं असं, की डबी फोडायची पण नाण्याला काही करायचं नाही. आहे तसंच पाठवायचं, नवे डोळे बघतील, नवा नंबर देतील. तो पुढच्या आठवड्यात मुंबईला जाणारच होता, स्वतःच्या हातानं नेऊन देणार होता. घरी येऊन मी पक्कड घेतली, गादीवर बसून जीव मुठीत धरून डबी फोडली आणि रुपया मऊ पाकिटात ठेवला.

आणि त्याच संध्याकाळी बहिणीचा नांदेडहून फोन. तिला लग्नानंतर लई वर्षांनी लेक झालीय. देवाला आणि डॉक्टरला सारखेच नवस बोलून झाले होते. आता रविवारी लेकीचं उष्टावण, म्हणजे बाळाच्या तोंडात पहिलं अन्न. आमच्याकडं चांदीच्या नाण्यानं खीर चाटवतात आणि तो मान मामाचा. पण आम्हाला भाऊ नाही. बहीण म्हणाली, तूच भरवायचं अक्का, अण्णांचा रुपया घेऊन ये. मी विचारलं, तोच कशाला? तर म्हणते, आपल्या दोघींचं उष्टावण त्याच रुपयानं झालेलं, आई सांगायची. मामानं खीर चाटवली, आईनं पदरानं रुपया पुसून अण्णांना दिला, अण्णांनी गल्ल्यात ठेवला.

पदरानं पुसून. बासष्ट नंबरचे गुन्हेगार सापडले होते, आणि त्यातली एक मी स्वतः होते. हसावं का डोकं आपटावं ते कळेना.

बहिणीला मी येते म्हणाले, पण रुपयाचं काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सराफ्यात जाऊन लक्ष्मीचा छाप असलेलं नवंकोरं नाणं घेतलं. चांदी ती चांदी, एवढ्याशा लेकराला काय कळतंय, असं मनाला समजावलं. निळा रुपया पाकिटासकट पर्समध्ये होता, पण तो दोस्ताला द्यायला. तो रविवारी दुपारी बहिणीच्या घरी येऊन घेऊन जाणार होता. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी पर्स उघडून दोन्ही नाणी जागेवर आहेत का बघितलं आणि चहा घेतला.

नांदेडला घर पाहुण्यांनी भरलेलं. बाळाला झबलं-टोपडं घातलेलं आणि ते टोपडं ओढत बसलेलं. मी ताटात नवं नाणं ठेवलं. बहिणीनं ते बघितलं आणि माझं मनगट धरून मला स्वयंपाकघरात नेलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

“मामा न्हाई तर चुलतभावाला बोलवा म्हणत होत्या सासूबाई. मी भांडले त्यांच्याशी. म्हणलं माझी अक्का येतीय, अण्णांचा रुपया घेऊन. आणि तू हे दुकानातलं घेऊन आलीस?”

मला राग आला. खरं तर स्वतःचाच आला होता, पण तो तिच्यावर काढला. म्हटलं, तुला माहितीय का तो रंग चढायला किती वर्षं लागली, त्यातलं तुला काही कळत नाही. तर ती म्हणाली, “न्हाई कळत. कळत न्हाई म्हणून तुझ्याकडं ठेवला. तुझा झाला म्हणून न्हाई.”

मी पर्समधून पाकीट काढलं आणि रुपया ओट्यावर ठेवला.

तेवढ्यात तिच्या सासूबाई दूध बघायला आत आल्या. कपाळाला विभूती, स्वभावानं करड्या, पण वाईट नाहीत. त्यांनी रुपया उचलला, खिडकीशी नेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, लई काळं पडलंय, लेकराच्या तोंडात असं कसं घालावं? बाई खरं बोलत होत्या. मोरपंखी म्हणून मी ज्याचं कौतुक करते ते म्हणजे गंधक लागून काळवंडलेली चांदी, हे मीच दहा जणांना समजावून सांगितलेलं. कपाटात ठेवायला छान, बाळाच्या जिभेवर नाही. नवं नाणं वापरलं तर बहिणीचा शब्द खाली पडत होता, आणि हे वापरायचं तर घासल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मधला रस्ता मी शोधला, देवाशपथ शोधला. नव्हता.

सासूबाईंनी घासणी घेतली. तारेची, भांड्यांची! मी म्हटलं, “द्या इकडं. मी घासते.”

खायचा सोडा मागितला, वाटीत थोड्या पाण्यात कालवला आणि रुपया डाव्या तळहातावर घेतला. मग अंगठा टेकवला. आधी काठाचा जांभळा गेला, मग निळा. निळा जायला वेळ लागला. चारमिनारवरचा पिवळा मी शेवटपर्यंत ठेवला होता, पण तोही गेला. वाटीतलं पाणी करडं झालं. अंगठ्याखाली चार मिनार एकेक करून लागत होते. इतकी वर्षं तो रुपया माझ्याकडं होता, आणि अण्णा तो हातात घेऊन अंगठ्यानं कसा चाचपायचे ते मला आत्ता आठवलं. मला रडू आलं. बहीण शेजारी उभी होती, तिनं नळ सोडला. धुतलेला रुपया तिरका धरला तर आईच्या पदराच्या बारीक रेघा दिसत होत्या, आणि त्यांच्यावरून माझ्या आडव्यातिडव्या.

गरम पाण्यातून काढून तो रुपया घेऊन मी पाटावर बसले. बाळ मांडीवर दिलं. पहिल्या वेळी तिनं खीर जिभेनं बाहेर ढकलली. दुसऱ्या वेळी चाटली आणि विचारात पडली. तिसऱ्या वेळी रुपयाची कड हिरड्यांत अशी घट्ट धरली की सोडेना. सगळे हसायला लागले. मी ओढत होते, ती सोडत नव्हती, लाळ आणि खीर माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आली.

तेवढ्यात माझा दोस्त दारात उभा. त्याची नजर बाळाच्या तोंडातल्या रुपयावर गेली. पांढऱ्याशुभ्र. त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याचीच दया आली.

“मॅडम, हे कुणी केलं?”

मी म्हटलं, मीच. तो बिचारा खुर्चीत बसला. मग म्हणाला की आता याला कुणी नंबर देणार नाही. मी म्हटलं, माहितीय, खीर घे. त्यानं घेतली, आणि दुसरी वाटी सुद्धा घेतली.

शेजारच्या एक बाई उशिरा आल्या. बाळाच्या कपाळाला विभूतीचं बोट लावत त्यांनी खोलीभर बघितलं आणि मामा जेवायला बसले का म्हणून विचारलं. बहिणीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी सासूबाईच बोलल्या. त्या खिरीच्या वाट्या भरत होत्या. मान वर न करता त्यांनी पळीनं माझ्याकडं दाखवलं.

“ही काय बसलीय की मामा.”