मंदामावशी आज खरंच पडली

मित्रहो, आज दुपारी गंगापूर रोडला आमच्या सोसायटीसमोर भाजी विकणारी मंदामावशी उन्हाने कोसळली.

गेल्याच आठवड्यात एका आरोग्यसेविकेने तिथेच उष्माघात झाल्यावर काय करायचं याची तालीम घेतली होती. त्यात रुग्ण मावशीच झाली होती आणि हसू न आवरून मध्येच उठून बसली होती. त्यामुळे आज शेजारची फुलवाली रंजना आधी म्हणाली, "मावशी, पुरे झालं नाटक! गिऱ्हाईक उभं हाय."

मावशी काहीतरी असंबद्ध बरळली. रंजनाने तिचा हात धरला आणि ओरडली, "अगं बाई, अंग लय तापलंय! खरंच हाय हे!"

मग कुणी कुणाला विचारत बसलं नाही. रंजनाने आणि आमच्या वॉचमनने तिला उचलून आमच्या जिन्याखाली सावलीत आणलं. मी १०८ला फोन लावला. रंजनाने भाजीवरचं ओलं गोणपाट तिच्या अंगावर टाकलं आणि ती पाणी मारत राहिली. वॉचमन पुठ्ठ्याने वारा घालत होता.

रुग्णवाहिका वळणावर दिसली, तेव्हा मावशीने डोळे उघडले.

"रंजे, बस की! मी काय कोथिंबीर हाय का?"

सगळे हसलो. रंजना हसता हसता रडली.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला की मावशी ठीक आहे. उद्या आम्ही तिच्या जागेवर ताडपत्री बांधणार आहोत. तालमीच्या दिवशी हे कुणालाच सुचलं नव्हतं.

उन्हाळा अजून बाकी आहे. तुम्ही जिच्याकडून भाजी घेता, तिच्या डोक्यावर सावली आहे का?